तांदळात लिहिलेलं नाव

पुतण्याच्या लग्नात माझ्या हातून तांदळाचं ताट सांडलं.

सून उंबरा ओलांडून घरात आली होती, लक्ष्मीपूजन उरकलं होतं, आणि पुतण्या सोन्याच्या अंगठीनं ताटातल्या तांदळात बायकोचं नवं नाव गिरवत होता. लग्न लागलं की सुनेचं पाळण्यातलं नाव बाजूला ठेवायचं, सासरचं नवं नाव द्यायचं, आणि नवऱ्यानं ते तांदळात लिहायचं, ही आमच्याकडची रीत. दोन अक्षरं झाली होती. तेवढ्यात व्हिडिओवाला म्हणाला, "काका, ताट जरा उजेडात घ्या की." मी शाळामास्तर. जन्म खडू धरण्यात गेला, भरलेलं ताट धरायचं शिक्षण झालेलं नाही. उचललं, तर चष्मा नाकावरून घसरला. तो सावरायला एक हात सोडला आणि सगळे तांदूळ नवरीच्या पायांवरून व्हिडिओवाल्याच्या वायरींपर्यंत गेले.

"वाटोळं केलं मास्तरनं!" आत्या ओरडली. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेचं नाव तीच ठरवते.

"मुद्दाम केलं का रे?" भावानं हळूच विचारलं.

"न्हाई रे बाबा. चष्मा घसरला."

खरंच मुद्दाम नव्हतं. पण त्या ताटावर माझा राग आहे, आणि तो जुना आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझं लग्न झालं तेव्हा हेच पितळी ताट होतं. आत्यानं कानात नाव सांगितलं आणि मी ते फळ्यावर सुविचार लिहावा तसं सुरेख काढलं. बायकांनी अक्षराचं कौतुक केलं. मी फुललो. शेजारी बसलेली माझी बायको ताटाकडं बघत होती. नांदेडला कॉम्प्युटरची इंजिनिअर झालेली, पहिल्या वर्गात. तिच्या प्रत्येक मार्कमेमोवर एक नाव होतं, आणि तांदळात मी दुसरंच लिहिलं होतं. दोन्हींपैकी एकही नाव मी इथं लिहीत नाही. तिची परवानगी नाही.

त्या दिवसापासून गावाला तिचं एकच नाव माहीत, तांदळातलं. जावा, शेजारपाजार, दूध घालणारा, सगळे त्याच नावानं हाका मारायचे. रेशनकार्डावरही तेच चढलं. मी तिला नुसतं "अगं" म्हणायचो, म्हणून माझी दोन्ही नावांतून सुटका झाली होती.

ती वसमतला एका कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. मी जवळा बाजार या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. एके दिवशी पेपरात जाहिरात आली. संरक्षण खात्यात गुप्तवार्तेचं काम करणाऱ्या एका कार्यालयाला तांत्रिक अधिकारी हवे होते. पात्रतेचा मजकूर माझ्या वर्गातल्या फळ्याएवढा. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, पहिला वर्ग, प्रोग्रामिंग, नेटवर्क, गणित, वयाची अट, देशात कुठंही जायची तयारी. तिनं पेन्सिलीनं एकेका अटीवर खूण केली. अखेरची ओळ होती, चारित्र्य आणि पूर्वेतिहासाची पोलिस पडताळणी. तिथं तिनं पेन्सिलसुद्धा टेकवली नाही. आमच्या घरात पोलिसांनी तपासावं असं काहीच नव्हतं, माझ्या स्कूटरचं लायसन सोडलं तर.

अभ्यास तिनं एसटीत केला. जाताना एक प्रकरण, येताना दुसरं. लेखी परीक्षा पास झाली. मुलाखत हैदराबादला होती. मी डबा धरायला गेलो. बाहेरच्या बाकावर बसून मी उगाच घाबरत होतो, जणू आतून मलाच बोलावणार होते. ती बाहेर आली आणि म्हणाली, तारेवरून जाणारा संदेश तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून काय काय करता येतं, ते कागदावर मांडायला लावलं. "मांडलं?" मी विचारलं. तिनं डबा उघडला आणि माझ्या वाटणीच्या धपाट्यांसकट सगळा संपवला. मग मला कळलं, मुलाखत चांगली झाली.

निवड झाल्याचं पत्र आलं. फक्त पडताळणी तेवढी व्हायची होती.

पोलिस आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. आम्ही दोघंही गावात नव्हतो. त्यानं पारासमोरच्या हॉटेलात तिचं डिग्रीवरचं नाव विचारलं. हॉटेलातल्या माणसांनी ते नाव जन्मात ऐकलेलं नव्हतं. त्यांनी खरं तेच सांगितलं. मग पत्त्यावर माझं नाव बघून तो आमच्या घरी आला. घरात आई एकटी होती.

संध्याकाळी आम्ही दारात पाऊल टाकतो तोच आई म्हणाली, "पोलिस आल्ता आज."

"काहून? कशाला?" मी विचारलं.

"हिचं माहेरचं नाव घेऊन इचारून राहिला, इथं राहती का म्हून. म्या म्हनलं, ह्या नावाची बाई ह्या घरात न्हाई. अन् कुठं असंल त्ये बी ठाव न्हाई."

"आई! तुला हिचं नाव माहीत नाही का?"

"म्हाईत न्हाई कसं? सोयरिकीला मीच गेल्ते ना! पर पोलिस सुनेचं नाव घेऊन दारात आला, अन् मी व्हय म्हनू? येडी हाय का मी? पानी बी इचारलं न्हाई. लावला वाटेला."

बायकोच्या खांद्यावर पर्स तशीच होती. ती पायरीवर बसली. "आई," ती म्हणाली, "तो माझ्या नोकरीसाठी आल्ता."

आईच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. ती पुटपुटली, "मंग त्यानं तसं सांगावं ना. खाकी घालून काहून आला?"

खरं सांगतो, गुप्त खात्याला लायक माणूस आमच्या घरात एक नव्हतं, दोन होती. आईनं पोलिसाला पत्ता लागू दिला नाही. पण ती तिसरी पास. पहिल्या वर्गाच्या अटीत बसली नसती.

सकाळी मी ठाण्यात गेलो तर अहवाल पुढं गेलेला. सदर महिला दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. मग हिंगोलीला पोलिसांच्या कचेरीत साहेबांपुढं आम्ही तिघं उभे राहिलो. आई हट्टानं आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. साहेबांनी एका हातात डिग्री धरली, दुसऱ्यात रेशनकार्ड.

"मॅडम, ही बाई वेगळी दिसते. ही वेगळी."

"दोन्ही मीच आहे. लग्नाचा दाखला जोडलाय, प्रतिज्ञापत्र जोडलंय."

"लग्न झाल्यावर डिग्रीवर नाव बदलून घ्यायचं असतं."

"डिग्री मी लग्नाआधी मिळवली. तेव्हा हे दुसरं नाव मला ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं."

साहेब हसले. "आमच्या मिसेसनं तर लगेच बदलून घेतलं सगळं."

माझ्यातला मास्तर उठला. "साहेब, तुमचं नाव लग्नात काय ठेवलं होतं?"

"मास्तर," साहेब म्हणाले, "तुम्ही शाळेत शिकवा. इथं नको."

तेवढ्यात आई पुढं झाली. "साहेब, मी सासू हाय हिची. मी सांगते ना, ही तीच हाय. माझ्याच घरात राहती."

साहेबांनी अहवालावर बोट ठेवलं. "आजी, तुम्हीच तर सांगितलं, राहत नाही म्हणून."

परतीच्या एसटीत आई खिडकीकडं तोंड करून बसली. मी शेंगा घेतल्या, तिनं एकही उचलली नाही.

आम्ही अर्ज केले. सरपंचाचं पत्र, तहसीलचं पत्र, पुन्हा अर्ज. मधे एक उन्हाळा गेला, एक हळदीचं पीक निघालं. मग एका पाकिटातून चार ओळी आल्या. पडताळणी समाधानकारक नसल्यानं निवड रद्द. चार ओळींत नाव मात्र अगदी बरोबर लिहिलं होतं, डिग्रीवरचं!

मला आजही संताप येतो. शत्रूच्या तारेतली कुजबूज ओळखणारं ते खातं. त्याच्या पडताळणीला टेबलापुढं उभी असलेली बाई ओळखता आली नाही. पदवी मागितली, तिच्याकडं होती. पहिला वर्ग मागितला, होता. गणित होतं, हुशारी होती, देशात कुठंही जायची तयारी होती. एवढ्या वर्षांची मेहनत एका पारड्यात, आणि दुसऱ्यात मी अंगठीनं ओढलेल्या चार रेघा. रेघा जड झाल्या. तिच्याबरोबर परीक्षेला कितीतरी पुरुष बसले असतील. त्यांतल्या एकालाही कोणी विचारलं नसेल की, बाबा, लग्नानंतर तू तोच आहेस का? आणि आम्ही घरचे तरी काय वेगळे! आम्ही तिचं नाव पुसून टाकलं, आणि कचेरीनं आमचाच शब्द पुरावा म्हणून वापरला.

बायकोनं पाकीट ट्रंकेत टाकलं आणि सकाळच्या एसटीनं क्लासला गेली. तिनं ना भांडण केलं, ना आम्हाला माफ केलं. आई मात्र त्या दिवसापासून तिला डिग्रीवरच्या नावानं हाक मारायला लागली. तीही खणखणीत, पार पारापर्यंत ऐकू जाईल अशी, जणू पोलिस अजून तिथंच बसलाय.

तर पुतण्याच्या लग्नात तांदूळ सांडले. आत्या कुणाला तरी हुकूम सोडत होती, "दुसरे आना तांदूळ, चला, पुन्हा लिवा." नवरी खाली मान घालून पायांवरचे दाणे झटकत होती. नर्सिंग शिकलेली पोरगी, सरकारी दवाखान्यात अर्ज केलेला. तेवढ्यात कोपऱ्यातून आईचा आवाज आला. आता ती थकली आहे, खुर्चीतून उठवत नाही, पण आवाज तोच आहे.

"आक्का, नगं दुसरे तांदूळ. पोरीला हाय त्येच नाव ऱ्हाऊ द्या. उद्या पोलिस आला तर म्या अजून कितींदा खोटं बोलू?"

आत्या गुरुजींकडं वळली. गुरुजींना भूक लागली होती. त्यांनी लगेच सांगितलं की शास्त्रात तशी काही सक्ती नाही, पुढचं उरकून घेऊ. पुतण्यानं अंगठी बोटात घातली. नवरीनं पहिल्यांदा मान वर केली.

संध्याकाळी बायको परसात बसून सांडलेले तांदूळ सुपात पाखडत होती. मी शेजारी जाऊन बसलो, शाबासकीची वाट बघत. तिनं एक खडा वेचून फेकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"काहून हो, आपल्या लग्नात चष्मा नव्हता व्हय तुमाला?"