बाबांच्या रिव्हॉल्वरांची खंडेनवमी

हसायचं नाही, आधी कबूल करा. मगच सांगते. कारण मी जे करून ठेवलं, ते अख्ख्या कुवेतमध्ये दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसेल!

आमचे हे शुऐबाला एका कारखान्यात फिटर. काँट्रॅक्ट संपत आलेलं. तिथूनच रिटायर झालेले एक कुवेती साहेब आहेत, हिंदी छान बोलतात, त्यांना सगळे बाबा म्हणतात. ते दुसऱ्या कंपनीत यांच्यासाठी शब्द टाकणार होते. टाकला तर राहायचं, नाही तर बाडबिस्तरा उचलून सांगलीला. मला महिनाभर धड झोप नाही!

या बाबांना नाद रिव्हॉल्वरांचा. जुनी, देखणी, रीतसर परवान्याची. एखाद्याला शिंपल्याची मूठ, एखाद्यावर चांदीची वेलबुट्टी. शेजारच्या फळ्यांवर पिस्तुलांचीच पुस्तकं, एकेक पाट्याएवढं जड. आमचे हे शुक्रवारी जाऊन ती रिव्हॉल्वरं पुसून द्यायचे आणि घरी येऊन माझ्यापुढे त्याच गप्पा. मी सातवी शिकलेली, मला काय कळतंय त्यातलं? मी आपली पुस्तकातली चित्रं बघून "छान आहे" म्हणायची.

एकदा बाबांनी निरोप दिला, "शुक्रवारी बायकोला, मुलाला घेऊन जेवायला ये. कामाचं बोलू." म्हणजे आमचा निकालच त्या दिवशी! आणि नेमकी खंडेनवमी. सकाळी मी घरात यांचे पाने, माझी शिलाई मशीन, विळी, सगळ्याची पूजा केली. घाईत कुंकवाची डबी पर्समध्येच राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा नमाजाला गेलेले. घराची किल्ली ह्यांच्याकडे असायचीच. ह्यांनी कपाट उघडलं, एक रिव्हॉल्वर पुसून टेबलावर ठेवलं, आणि कापूस संपला.

"कोपऱ्यावरच्या बकाल्याच्या दुकानातून घेऊन येतो. कशाला हात लावू नकोस हं!"

"मी कशाला लावते?"

हे गेले आणि माझं लक्ष गेलं. त्या रिव्हॉल्वरचं तोंड थेट आमच्या आरूकडे! तीन वर्षांचं माझं लेकरू सोफ्यावर बिस्किट खातंय, आणि ते रिव्हॉल्वर त्याच्यावर नेम धरून! आरूला उचलून पलीकडच्या खुर्चीत बसवलं. तर कपाटातल्या चौघांची तोंडं त्याच खुर्चीकडे!

मग डोक्यात आलं, शस्त्रं आहेत, आज यांचा दिवस, आणि कुणी साधं कुंकूही लावलेलं नाही. रुसतील नाही तर काय? झालं. कुंकू पाण्यात कालवलं. मुठीला एक बोट, नळीला एक. "देवा, माझ्या लेकराकडे बघू नकोस." शेजारच्या जाड पुस्तकालाही एक लावलं. आता विद्या तरी का उपाशी ठेवायची?

"मम्मी, मी टू!" आरू म्हणाला.

त्यालाही लावलं. पण पोरगं हललं आणि पातळ कुंकू कपाळावरून ओघळत नाकाच्या शेंड्यावर.

तेवढ्यात दार उघडलं. बाबा!

आता तुम्हीच सांगा, त्यांनी काय बघितलं असेल? टेबलावर लाल रिव्हॉल्वर. माझे हात लाल. आणि पोराच्या कपाळातून लाल थेंब टपकतोय.

"खून! खून!"

सत्तरीचा माणूस, पण आरूला खांद्यावर टाकून गाडीकडे धावत सुटला. मला वाटलं, महागाची वस्तू नासली म्हणून माझं पोर उचलून पोलिसांत नेतात! मी अनवाणी मागे. चालत्या गाडीत उडीच मारली.

"बाबा, माफ करो! मैं अभी पोंछ देती हूँ!"

"पोंछेगी? पोंछने से क्या होगा, पागल औरत? हॉस्पिटल!"

"इतना गुस्सा मत करो बाबा, साबण से निकल जाता है!"

बाबांनी आरशातून माझ्याकडे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

हॉस्पिटलात नर्स निघाली साताऱ्याची. तिने ओल्या कापसाने कपाळ पुसलं. खाली कोरं कपाळ! आरू म्हणतोय, "मोर बिस्किट."

"अहो ताई, हे तर कुंकू!"

"मग? खंडेनवमी ना आज?"

तिने हसू दाबत बाबांना अरबीत समजावलं. बाबा ऐकता ऐकता खुर्चीत बसले, मग आडवेच झाले. बी.पी. वाढलेलं. ज्याला आणलं तो बिस्किट मागतोय, आणि ज्यांनी आणलं ते खाटेवर!

नर्सने फोन केल्यावर हे धापा टाकत आले. सगळं ऐकून डोक्याला हात.

"अगं, ती सगळी बंद केलेली आहेत! नळीत शिसं ओतलंय. त्यातलं एकही उडत नाही!"

"मग बाबा का एवढे घाबरले?"

"तुझे हात बघ आधी! त्यांना वाटलं, पोराचं डोकंच फुटलं!"

मी खाटेपाशी मान खाली घालून उभी. गेली नोकरी. मनातल्या मनात मी बॅगा भरायलाही लागले.

बाबांनी ह्यांचा हात धरला. "तेरा काम पक्का. मैं आज ही फोन करता हूँ."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी काही बोलणार, तोच त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"चालीस साल से घर में बंदूक रखता हूँ. एक ने भी मुझे नहीं गिराया. तेरी बीवी ने एक उँगली से गिरा दिया!"