बाईंना बघून या

मुंबईला आईची किडनी बसवून घेऊन मी नाशकात परतले, तेव्हा सव्वीस वर्षांची होते. गोळ्यांनी चेहरा पुरीसारखा फुगला होता. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "माहेरचं मानवलंय हो!" मला सासर नव्हतंच, ठरलेलं लग्न आजाराची बातमी लागताच मोडलं होतं. मुलीसाठी आईनं पोटावर सुरी फिरवून घेतली म्हणून काका वर्षभर आमच्याकडे पाणी प्यायले नाहीत. आई मात्र तीन महिन्यांत पुन्हा मळ्यात झेंडू तोडायला लागली.

मीही शाळेत रुजू झाले. खेळाच्या तासाला मुलींबरोबर दोरीच्या उड्या मारायचे, सायकल दामटत घरी यायचे. आमच्या डॉक्टरांना आयता नमुना सापडला. कोणाच्या किडन्या गेल्या की ते घरच्यांना सांगत, "जा, बाईंना बघून या." माणसं यायची, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची. मग मी भरलेली बादली उचलून दाखवायचे. बाजारात उभ्या केलेल्या गायीसारखं वाटायचं, पण दाखवायचे. आलेली बहुतेक सगळी माणसं मुलासाठी यायची, नाहीतर कर्त्या भावासाठी. सुनेसाठी कोणी फिरकलं नाही.

एक सून आली, ती आपली आपणच आली. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. डॉक्टरांनी किडनी बदलायला सांगितली होती आणि घरात कोणी त्यावर बोलतच नव्हतं. मी तिच्याबरोबर तिच्या सासरी गेले. सासूनं चहा दिला आणि स्वच्छ सांगितलं, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? हे तर माहेरूनच आणलेलं दुखणं. त्यांचं त्यांनी निस्तरावं." नवरा पेपर वाचत होता. तो खाली काही त्यानं केला नाही.

आठवड्याभरात तिची पाठवणी सिन्नरजवळच्या माहेरी झाली. वडील नव्हते, आईला साखरेचा आजार. राहिला भाऊ. माझ्या आग्रहाखातर त्यानं तपासण्या केल्या आणि सगळं जुळलं. मला इतका आनंद झाला की मी स्टँडवरून पेढे घेऊन गेले. मूर्खच मी. पेढ्यांचा पुडा कोणी सोडलासुद्धा नाही.

"एकुलता हाय, बाई," तिची आई म्हणाली. "त्याच्या अंगाला सुरी नाय लावू द्यायची. आन् ती आता दिल्या घरची."

"हळद लावलीत म्हणून तिचं रक्त बदललं का?" मी विचारलं. माझं तोंड मला कधी आवरलं नाही.

मग मी दर रविवारी एसटीनं जायला लागले. सगळ्यांसमोर त्यांच्या विहिरीवरून दोन-दोन घागरी भरून आणायचे. म्हणायचे, बघा, माझी आई अजून मळ्यात राबते. भाऊ खाली मान घालायचा आणि त्याची बायको आत भांडी आपटायची.

चौथ्या रविवारी तिची आई अंगणात गेल्यावर त्या मुलीनं मला जवळ बोलावलं. तिचे पाय सुजून खांब झाले होते.

"बाई, तुम्ही आता येत जाऊ नका."

मी चिडलेच. "का? तुला जगायचं नाही का?"

"जगायचंय ना. पण हे देनार नाय. तुम्ही घागरी उचलता, तवा मला दिसतं, देता येतंय तरी देत नाय. तुम्ही आला नाय तर मी म्हनीन, इलाजच नवता. तेवढं तरी राहू द्या मला."

मी पुन्हा गेले नाही. दोन महिन्यांत ती गेली.

तेराव्याला गेले. तेही माहेरीच होतं. ओसरीवर बायका बसल्या होत्या, भाऊ दाराला टेकून उभा होता. तिच्या आईनं माझे हात धरले आणि सगळ्यांदेखत रडत म्हणाली, "लय केलं आमी. पन इलाजच नवता. सांगा की यांना, बाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुख्याध्यापकांपासून काकांपर्यंत मी कोणाला सोडलं नव्हतं; फटकळ म्हणूनच मला ओळखतात. तिथं मी म्हणाले, "हो. नव्हता."

तिचं मागणं पुरं केलं, अशी मी नंतर स्वतःची समजूत घालत राहिले. पण तिनं ते स्वतःसाठी मागितलं होतं, त्यांच्यासाठी नाही.