झुंबरलालचा ठसा

भंडाऱ्यात भांडी घडवणारे तुलाराम हे जिल्ह्यातले नामवंत नाणेसंग्राहक. नागपूरच्या एका मंडळाने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, तेव्हा प्रत्येक वक्त्याने 'जतन' हा शब्द वापरला. तुलारामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांच्या घरी एकही नाणं नाही.

ते एकाच प्रकारची नाणी जमवतात. इंग्रजांच्या काळात झुंबरलाल नावाच्या भांडी-व्यापाऱ्याने तांब्याच्या पाव आण्यांवर आपला ठसा मारून ते बाजारात सोडले होते. मधे कळस, भोवती 'झुंबरलाल, भंडारा'. राजाच्या गालावर दुकानाचा पत्ता. नाणं गावोगाव फिरे आणि जाहिरात फुकटात होई.

पुढे झुंबरलालच्या मुलाने त्या ठशाचा आणखी एक उपयोग काढला. भर दिवाळीच्या बाजारात त्याने तुलारामांच्या वडिलांवर पितळेत खोट घातल्याचा आळ घेतला, ठसा शाईत बुडवला आणि त्यांच्या कपाळावर उमटवला. "हा पण आपलाच माल," असं म्हणाला. गिऱ्हाइकं हसली. शाई दोन आंघोळींत गेली. वडील मात्र मरेपर्यंत टोपी घालून झोपत.

तेव्हापासून तुलारामांचा छंद सुरू झाला. मोडवाले, सोनार, तळ्याचा गाळ काढणारे, ज्याच्याकडे असं नाणं निघेल त्याच्याकडून ते घ्यायचं, चार लोकांना कौतुकाने दाखवायचं आणि भट्टी पेटली की मुशीत टाकायचं. खुद्द ठसाही एकदा दुकानाच्या मोडीत निघाला. तो कोणी विकत घेतला, हे सांगायला नको.

त्यांच्या माहितीतलं शेवटचं नाणं सिहोऱ्याला होतं, शकुंतलाबाईंच्या देव्हाऱ्यात. त्यांच्या सासूने कळस पाहून नाणं देव म्हणून बसवलं होतं. झुंबरलाल रोज हळदकुंकू घेत होता.

"माय, हा देव नोहे," तुलाराम म्हणाले. "भांड्याच्या दुकानाची जाहिरात हाये."

"असंल," शकुंतलाबाई म्हणाल्या. "धान तं पिकून राहिलं ना?"

तुलारामांनी बदल्यात पितळेचा नवा कळस देऊ केला. बाईंनी तो घेऊन त्यात पाणी भरून ठेवलं. देव दिला नाही.

त्यात झुंबरलालचा नातू मनिषसेठ दुकानाची शंभरी करायला निघाला. दुकानात आता कुकर आणि नॉनस्टिक तवे मिळतात, पण दर्शनी काचेच्या पेटीत आजोबांचं एक नाणं हवं होतं. सिहोऱ्याचा पत्ता त्यालाही लागला. एक नाणं वाचलं की झुंबरलाल दिव्याखाली झळकणार, या विचाराने तुलारामांचं जेवण कमी झालं.

मग शकुंतलाबाईंच्या नातवाचं लग्न ठरलं. घरात लग्न निघालं की झिजलेले देव कारागिराकडून उजळून घ्यायचे, म्हणजे ठोकून त्यांचे नाकडोळे नव्याने उठवायचे, ही त्यांच्या घरची रीत. त्या स्वतः नाणं पदराला बांधून भंडाऱ्याला आल्या. तुलारामांनी चहा मागवला आणि मनिषसेठला निरोप धाडला.

सेठ धावत आला, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. नाणं ऐरणीवर होतं.

"थांबा, काका! बाई, बोला, काय देऊ?"

"लग्नघरचा देव इकाले काढू का रे, बाबू?"

"दोन कुकर देतो."

"एकात देव शिजवू अन् दुसऱ्यात?"

तुलारामांनी नाणं तापवून मऊ केलं आणि हातोडी घेतली. आधी 'भंडारा' गेलं. 'झुंबरलाल'वर त्यांनी गरजेपेक्षा जरा जास्त वेळ घेतला. मग कोऱ्या झालेल्या तांब्यावर ते नवा कळस उठवू लागले.

एव्हाना मनिषसेठचं तोंड खर्ऱ्याच्या रसाने भरलं होतं, बोलता येईना. तुलारामांनी पायाने तांब्याची एक नवी पिकदाणी त्याच्याकडे सरकवली. "थुका, सेठ. लाजू नोका." तो मनसोक्त थुंकला.

"काका, तुमच्याकडं ढीगभर होती म्हणतात. त्यातलं एखादं?"

"होती तं."

"कुठं आहेत?"

"त्याच्यातच तं थुकले तुमी."

सेठने पिकदाणीत डोकावून पाहिलं. मग तुलारामांकडे पाहिलं. मग पुन्हा आत पाहिलं, जणू आजोबा अजून ओळखू येतील. तुलारामांनी बारीक नक्षीची टोकणी उचलली.

शकुंतलाबाई वाकून कळस न्याहाळत होत्या. त्यांना हळदीच्या आत घरी पोचायचं होतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "नारळ जरा मोठा काढा."