बिसनभाऊंचा हात

बिसनभाऊंच्या हातात काहीही द्या, ते आधी उजव्या तळहातावर दोनदा झेलायचे आणि वजन सांगायचे. वांगी, खिळ्यांची पुडी, एकदा तर शेजाऱ्यांचं तान्हं बाळसुद्धा. साकोलीतल्या माझ्या औषधाच्या दुकानात ते दर पंधरवड्याला रक्तदाबाच्या गोळ्यांचा पत्ता, म्हणजे अख्खी पट्टी, न्यायला यायचे, तेव्हा तोही झेलायचे. "पुरा आहे," असं म्हणून मगच खिशात घालायचे. एकदा मी गंमत म्हणून दोन गोळ्या आधीच काढून पत्ता दिला, तर म्हणाले, "भाऊ, याच्यातल्या दोन कोनी खाल्ल्या?" त्या दिवसापासून मी त्यांच्या वाटेला गेलो नाही.

घराणं मासेमारीचं. बाजारात मासा विकताना काटा समोर असायचा, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. बिसनभाऊ आधी सांगायचे आणि काटा मागून होकार द्यायचा. आम्ही दोघं एकाच वयाचे, पन्नाशीच्या अलीकडचे, दोघंही रक्तदाबवाले. फरक एवढाच, की माझं पोट सुटलेलं आणि ते जाळ्याच्या दोरीसारखे सडसडीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गावातल्या सहा घरांनी मिळून तलावात मत्स्यबीज सोडलं. बिसनभाऊंनी आयुष्यभर जमवलेलं सगळं त्यात घातलं. भाद्रपदात पाऊस लागून राहिला आणि तलावाची पाळ फुटली. मासे खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, उभ्या धानात पसरले. लोकांनी बादल्या भरभरून नेले. मी भेटायला गेलो तेव्हा घरोघरी माशाचा रस्सा शिजत होता.

"मासोरी वाया नाही गेली, भाऊ," बिसनभाऊ म्हणाले. "गावभर लोक जेवले. आमच्याच घरी तेवढी वांग्याची भाजी होती." आणि हसले. माणसानं धक्का पचवला, असं समजून मी निश्चिंत मनानं घरी आलो. तिथंच माझं चुकलं.

त्यानंतर ते साकोलीच्या बाजारात दुसऱ्याचे मासे रोजीनं विकू लागले. डोळे तांबारलेले असायचे. झोप लागत नाही, छाती धडधडते, असं एकदा बोलता बोलता म्हणाले आणि लगेच विषय बदलला. दिवाळीनंतर दुकानात येऊन म्हणाले, "अर्धाच पत्ता द्या." मी कैची घेतली आणि कापून दिला. आमच्या धंद्यात हे रोजचंच. पण त्या दिवशी त्यांनी पत्ता झेलला नाही, तसाच खिशात टाकला. हे मी पाहिलं होतं.

तिसऱ्या वेळी मात्र विचारलं, "बिसनभाऊ, अर्ध्यात कसं भागतं?"

"थंडी आहे ना भाऊ. थंडीत मासोरी कमी खाते, तिले आमी एक दिवस आड चारा टाकतो. मले बी गोळी एक दिवस आड पुरते."

मला हे इतकं आवडलं की घरी जाऊन बायकोला सांगितलं. औषधाचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस मी, आणि हसत होतो. पैसे नाहीत म्हणाले असते तर मी पत्ता तसाच दिला असता. ते त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी थंडी पुढे केली.

संक्रांतीनंतरच्या आठवडी बाजारात, माझ्या दुकानासमोरच, त्यांनी एका बाईंसाठी रोहू उचलला, झेलला आणि म्हणाले, "दीड किलो." काट्यावर तो पाऊण भरला.

"मले फसवून राहिले का?" बाई कडाडल्या. आजूबाजूचे हसले. मी मान वर केली, कारण बिसनभाऊंचं वजन चुकलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

मी दुकान तसंच टाकून त्यांना ऑटोत घातलं. साकोलीच्या सरकारी दवाखान्यातून त्यांना भंडाऱ्याला हलवलं. लकवा होता. वेळेवर आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या रोज घेत होते का, असंही विचारलं. बिसनभाऊंच्या पत्नी कौशल्याबाईंनी पदराची गाठ सोडून अर्धा पत्ता काढला आणि माझ्याकडे बघितलं. "तुमीच त कापून देत होते ना, भाऊ." त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी आले तेव्हा उजव्या हातात पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. बिसनभाऊंनी चेंडू बाजूला ठेवला आणि जाळं विणायची बांबूची सुई मागितली. रोज सकाळी दारात बसून विणायचे. सुरुवातीची जाळी अशी, की त्यातून मांजर आरामात पलीकडे जावं. सैल गाठी कौशल्याबाई संध्याकाळी उसवून ठेवायच्या, सकाळी ते त्याच गाठी पुन्हा घालायचे. मी दर सोमवारी गोळ्या घेऊन जायचो. "फुकट घेतो, पन जेवून जा लागन," ही त्यांची अट. मी समजूत घालायचो, की हात हळूहळू येईल.

"हळूहळू नाही, भाऊ," ते ओढलेल्या तोंडानं म्हणायचे. "रोज."

उन्हाळ्यापर्यंत गाठी आवळल्या जाऊ लागल्या. पाळ दुरुस्त झाली, बाकीच्या पाच घरांनी पुन्हा बीज सोडायचं ठरवलं. बिसनभाऊंकडे घालायला काही उरलं नव्हतं. ते जाळं घेऊन बैठकीला गेले आणि मधोमध पसरून ठेवलं. म्हणाले, "माहा हिस्सा हाच." पाचही जणांनी एकेक गाठ ओढून पाहिली. एकही सरकली नाही. हिस्सा मान्य झाला.

परवा दुपारी ते दुकानात आले. तोंड अजून किंचित वाकडं आहे. उजव्या हातात गवतानं बांधलेला कतला होता, त्यांच्याच तलावातला. दोनदा झेलला. दुसऱ्या वेळी हात थोडा खाली गेला, पण मासा सुटला नाही. "सव्वा किलो."

मी तो शेजारच्या भाजीवालीच्या काट्यावर तोलून आणला. आधपाव, म्हणजे सव्वाशे ग्रॅम, जास्त भरला. खोटं बोलावं असं एकदा वाटलं, पण बोललो नाही.

"मंग हाताचं आधपावच रायलं," ते म्हणाले. "हा मासा वयनीले द्या. आन् माहा पत्ता काढा."

मी पत्ता दिला. कैची आता गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात असते, आणि कुणी अर्धा पत्ता मागितला की मी आधी बसायला स्टूल देतो. बिसनभाऊंनी पत्ता उजव्या हातावर घेतला, दोनदा झेलला आणि खिशात घातला.

"पुरा आहे," ते म्हणाले.