केळीच्या पानावरचं माप

माझ्या गाडीच्या इंजिनात एका रांगेत सहा सिलिंडर. हौसेने ते मी इतके मोठे करून घेतले, की जळगावात गाडी सुरू केली तर पाचोऱ्याच्या म्हशी आटायच्या. सिलिंडरांवर बसणारी भोकांची पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट जळालं, तेव्हा कंपनीचं त्या इंजिनाला लहानच पडणार होतं. बायको म्हणाली, "रविवारपर्यंत चालली नाही तर भंगारात."

मी इंजिनावर केळीचं पान दाबलं, उठलेली वर्तुळं कापून काढली आणि पान धुळ्याला नेलं. दुकानदाराने पानाबरहुकूम गॅस्केट करून दिलं. बसवताना सगळी भोकं लहान. वाटेत पान उन्हाने आकसलं होतं.

मिस्तरी नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ, गॅस्केट बरोबर शे. पण सुकेल इंजिननं शे."

शनिवारी पत्र्यावर माप नेलं. रविवारी पाचोऱ्यात चहा कोराच मिळाला.