बोअरची सुट्टी

पिंपळगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत सौरपंप बसवायला आलेला मिस्त्री कळवणकडचा होता. काम चोख, पण शेवटी तो स्वतः बटण काही दाबेना. "तुमच्या हातानं चालू करा, दादा," म्हणाला आणि बोअरच्या पाइपाला कान लावून बसला.

पाणी धो धो आलं. मी नारळ फोडला. त्यानं खोबरं घेतलं, पण मुठीतच धरून ठेवलं.

"काय झालं?"

"लाईट जायची, तेवढीच बोअरला सुट्टी, दादा. ऊन कुठं जातंय? दिवसभर उपसा चालूच. आमच्या गावात लय पंप बसवले मी. बोअर आटले. आता त्या पॅनलवर बाया कुरडया वाळवत्यात."

आम्ही द्राक्षवाले ढगांना भितो. हल्ली लख्ख ऊन पडलं, तरी मी बोअरच्या पाइपाला कान लावून बसतो.