सिस्टरचे आठ ग्लास

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "सिस्टर, बरं वाटतंय का?" डोळे मिटलेलेच ठेवून त्या म्हणाल्या, "आठ." शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. त्यांना वाटलं असणार, पेशंटला भ्रम झालाय. मी मात्र हसले, आणि वॉर्डबाहेर येऊन पोटभर रडून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये असतानाच त्यांच्या भावाचा फोन आला. कौसर सिस्टर गेल्या होत्या. बस तेव्हा तळवड्याच्या चौकात, त्या जिथून रोज चढायच्या तिथंच थांबली होती…

त्याला आता दीड महिना होईल. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचं काम चालतं. मी तिथे लाइन लीडर, म्हणजे तीसेक मुलींच्या कामावर लक्ष ठेवणारी. सिस्टर प्रथमोपचाराची खोली सांभाळायच्या. मी निगडीला बसायचे आणि शेजारची जागा पर्स ठेवून धरायचे. तळवड्याला चढल्या की त्या पर्स माझ्या मांडीवर टाकत आणि बसत. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी या बाईंनी एका परदेशी विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. नोकरी सांभाळून, ऑनलाइन. विषय, जागतिक आरोग्य. बसमधल्या बायकांना विषयच मिळाला. "सिस्टर, जगाचं नंतर बघा, आधी माझ्या पाठीचं बघा," असं कुणीतरी रोज म्हणायचंच. त्या म्हणायच्या, "तुजी पाठ काय जगाच्या भायेर हाय का?" प्रथमोपचाराच्या खोलीत त्या शुद्ध बोलत, पण बसमध्ये त्यांची तळवड्याची बोली परत यायची.

रविवारी झालेले ऑनलाइन तास त्या पुन्हा बसमध्ये ऐकत. एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. माझं इंग्रजी बरं आहे असा त्यांचा गैरसमज होता, आणि तो दूर करण्याचा प्रामाणिकपणा माझ्यात नव्हता. दोघी मिळून एकेक वाक्य तीनतीनदा ऐकायचो. हा उपद्व्याप कशाला, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, वीस वर्षं चक्कर आलेल्या पोरींना गोळ्या देतेय, चक्कर का येते ते एकदा तरी नीट बघायचंय.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला त्यांनी हाच विषय घेतला. एचआरच्या साहेबांची परवानगी काढली आणि चाळीसेक मुलींकडून फॉर्म भरून घेतले. त्यात एक प्रश्न होता, दिवसाला किती ग्लास पाणी पिता? झाडून सगळ्या फॉर्मांवर एकच उत्तर आलं, आठ. दोन दिवस त्यांना उलगडा होईना. मग कॅन्टीनमध्ये जेवताना समोरच्या भिंतीवर नजर गेली. "रोज आठ ग्लास पाणी प्या." पोस्टर त्यांनीच स्वतःच्या हाताने लावलेलं होतं. पोरींनी परीक्षेत लिहितात तसं बरोबर उत्तर लिहिलं होतं. सिस्टर इतक्या हसल्या की डाळ सांडली. तेव्हापासून आमच्यात "आठ" म्हणजे समोरच्याला बरं वाटावं म्हणून सांगितलेलं खोटं. सासूबाई कशा आहेत? आठ. भाजी कशी झालीय? आठ.

मग त्यांनी पाण्याचा प्रश्न काढूनच टाकला. नवा प्रश्न टाकला. शिफ्टमध्ये लघवीला जायचं तर कुणाला विचारावं लागतं? या वेळी मात्र पोस्टर मदतीला नव्हतं, आणि मुलींनी खरं लिहिलं. लाइन सोडायला परवानगी लागते, ती मागायची लाज वाटते, म्हणून पाणीच पीत नाही. कुणाला विचारावं लागतं? लाइन लीडर मॅडमना. म्हणजे मला.

हे पान त्यांनी बसमध्येच माझ्या हातात दिलं. नाव कुणाचं घातलं नव्हतं, पण कंपनीत लाइन लीडर असून असून किती असणार! मी विचारलं, माझी नोकरी घालवायचीय का? त्या म्हणाल्या, "तू न्हाई म्हणलीस तर हे पान काढते. पर मग त्या डिग्रीचं करू काय?" मी उठून मागच्या सीटवर जाऊन बसले. चार दिवस बोलले नाही. नाकाच्या शेंड्यावर राग, हा माझा जुना आजार, आणि त्यावर त्यांच्याकडे गोळी नव्हती. टार्गेट माझ्या डोक्यावर, एक मुलगी हलली की सगळी लाइन अडते, हे यांना खोलीत बसून काय कळणार, असं मनात घोकत राहिले.

पाचव्या दिवशी त्या स्वतःच मागे येऊन बसल्या. म्हणाल्या, "मनीषा, तू शिफ्टमध्ये किती पाणी पितेस?"

"आठ," मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत. मुतखड्याने मी दोनदा कळवळले होते, दोन्ही वेळा गोळी त्यांनीच दिली होती. मोशी मागे पडल्यावर म्हणाले, "एक. तोही घरी पोचल्यावर." माझ्या जागी उभं राहायलाही कुणी नव्हतं, आणि हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "पान राहू द्या," मी म्हणाले.

ते पान वाचून त्यांच्या वर्गातल्या केनियाच्या एका नर्सने लिहिलं, आमच्या चहाच्या मळ्यातल्या बायकाही अशाच कोरड्या राहतात. सिस्टरनी तो निरोप मला तीनदा वाचून दाखवला. जागतिक म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

साहेबांकडे आम्ही दोघी गेलो. सिस्टरच्या हातात चक्कर आलेल्या मुलींच्या नोंदींची वही, आणि बोलायला मी. लाइनवर एक जादा मुलगी ठेवा, कुणी उठलं की ती उभी राहील, आणि उठायला विचारायचं नाही. साहेबांनी महिनाभर करून बघू म्हटलं. तो महिना अजून चालूच आहे.

पुढे सिस्टरचं पोट दुखायला लागलं. विचारलं की "आठ" म्हणायच्या, आणि मी मूर्ख, हसायचे. ही रुखरुख मला आयुष्यभर राहील. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. प्रकल्प मात्र त्यांनी खाटेवरून पुरा केला, शेवटची पानं मी टाइप केली. निकाल अजून आलेला नाही. त्या पास होणार, याबद्दल मला शंका नाही.

गेल्या आठवड्यात लाइनवर मलाच गरगरलं. प्रथमोपचाराच्या खोलीत नवी सिस्टर आहे, अगदी तरुण. तिने तीच वही उघडली. पानाच्या माथ्यावर कौसर सिस्टरच्या अक्षरात नवा रकाना आखलेला होता, "पाणी किती? (खरं.)" नव्या सिस्टरने विचारलं, मॅडम, सकाळपासून किती ग्लास? ओठांवर आठच आलं होतं. मी ते अक्षर बघत राहिले, मग म्हणाले, "दोन." तिने दोन लिहिलं आणि ग्लास भरून पुढे केला. मी सावकाश, सगळा प्यायले. लाइनवर परतले. आणि अर्ध्या तासाने उठून जाऊन आले, कुणालाही न विचारता.